मदत हवी आहे: मुलाची क्लिप ग्रुपवरून काढली, आता खुलासा टाकावा की गप्प बसावं?

नमस्कार. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या भागाचा एक फेसबुक ग्रुप आहे. पाणी कधी जाणार, कुठला रस्ता खणलाय, पोळ्यांना बाई मिळेल का, एवढ्यासाठी २०१६ साली सुरू झाला. आज ११ हजारांवर सभासद आहेत. अ‍ॅडमिन तिघं: ग्रुप सुरू करणारे एक काका, कॉलेजात शिकणारा एक मुलगा आणि मी. गेल्या आठवड्यात जे झालं त्यावर आमचं तिघांचं एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

रविवारी रात्री पावणेअकराला एका सभासदाने त्यांच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीतली छोटी क्लिप टाकली. एक मुलगा निळी सायकल घेऊन गेटबाहेर पडतो, चेहरा स्वच्छ दिसतो. वर लिहिलेलं, "सायकलचोर. ओळखत असाल तर कळवा." सकाळपर्यंत दोनशेच्या वर कमेंट. कुणी शाळेचं नाव टाकलं, कुणी क्लासची वेळ, कुणी लिहिलं "दिसला की आधी फटके, मग पोलीस". मी साडेसहाला गॅसवर दूध ठेवून फोन उघडला तर मुलाच्या आईचा मेसेज येऊन पडला होता: "ताई, माझा मुलगा आहे तो. दहावीत आहे. सायकल मित्राची, मित्रानेच चावी दिली. रात्रीपासून खोलीतून बाहेर आला नाही. तेवढी पोस्ट काढा."

मी पोस्ट काढली. शहानिशा नंतर केली. दुपारी कळलं की पोस्ट टाकणाऱ्यांची सायकल वॉचमनने जिना धुताना मीटररूममध्ये नेऊन ठेवली होती. तीही निळीच.

आमचा नियम असा की दोन अ‍ॅडमिनची संमती असल्याशिवाय कुठलीही पोस्ट उडवायची नाही. मी तो मोडला, आणि काका त्यावरून खरोखर दुखावले आहेत. त्यांचं म्हणणं, आज चांगल्या कारणासाठी एकटीने काढलीस, उद्या कुणी ओळखीच्यासाठी काढेल. ते बरोबर आहेत. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात राईनपाडा होतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याआधी मोबाइलवर अफवा फिरत होत्या. आमच्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही, पण "आधी फटके" लिहिणारा माणूस त्या मुलाच्या क्लासच्या रस्त्यावरच राहतो. काका उठून फोन बघेपर्यंत थांबायला मला धीर नव्हता.

नंतर बाल न्याय कायदा वाचला. २०१५ च्या कायद्यातल्या कलम ७४ प्रमाणे, ज्या मुलाची गुन्ह्यासंदर्भात चौकशी किंवा तपास चालू आहे त्याचं नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडे तर पोलिसांत तक्रारसुद्धा नव्हती. म्हणजे आरोप असलेल्या मुलाला कायदा जे झाकून ठेवायला लावतो, ते काहीही न केलेल्या मुलाचं आम्ही रात्रभर उघडं ठेवलं.

आता खरी अडचण. पोस्ट गेली, पण ती पाहणाऱ्यांच्या डोक्यात तो मुलगा चोरच आहे. पाच-सहा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पोचली आहे. मला खुलासा टाकायचाय. आई म्हणते, "नको ताई, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही कळेल." पोस्ट टाकणारे म्हणतात, मी कॅमेऱ्यात दिसलं ते लिहिलं, माफी कसली? आधी माझी पोस्ट परत आणा, मग खाली "गैरसमज झाला" लिहितो. तसं मी मरेन तरी करणार नाही.

यातच भर म्हणून एका क्लासचे चालक मागे लागले आहेत: त्या मुलाची काढली, आता आमचीही काढा. त्यांच्याबद्दलची पोस्ट २०२३ ची आहे, फी परत न दिल्याची, पावतीच्या फोटोसकट. मी नाही म्हटल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची नोटीस पाठवतो म्हणाले. सार्वजनिक हितासाठी सांगितलेली खरी गोष्ट त्या कलमाला अपवाद आहे, एवढं मला कळतं. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकालही वाचलाय. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दलचा होता. तरी नोटिशीचं नाव काढलं की घरचे घाबरतात.

ज्यांनी असे ग्रुप सांभाळले आहेत त्यांनी कृपया सांगा: खुलासा टाकावा का, आणि कसा?

प्रतिसाद:
ताई, नाशिकला आमच्या ग्रुपवर मोलकरणीच्या बाबतीत हेच झालं होतं. आम्ही गप्प बसलो. तिची तीन कामं गेली ती गेलीच, म्हणून सांगते, गप्प बसू नका. फक्त खुलासा मुलाबद्दल लिहू नका, सायकलबद्दल लिहा. "रविवारी रात्री हरवली म्हणून सांगितलेली निळी सायकल सोसायटीतच सापडली आहे. ती कुणीही चोरलेली नव्हती. क्लिप ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी तिथे हेही पाठवावं." मुलगा, शाळा, विंग काही नाही. ज्याने पाहिलं त्याला बरोबर समजतं, ज्याने पाहिलं नाही त्याला काहीच कळत नाही. कमेंट बंद ठेवा. टाकण्याआधी आईला वाचून दाखवा. आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप अ‍ॅडमिनना एकेकाला फोन करा. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सोसायटीत नको, मीटररूममध्ये सापडली असं लिहा. म्हणजे लोकांना खरं वाटेल." तसं लिहिलं आणि रात्री पावणेअकरालाच टाकलं, त्या वेळी तेच लोक ऑनलाइन असतात. काकांनी स्वतःच्या नावाने टाकलं. सहापैकी चार सोसायट्यांतून क्लिप गेली. एका ठिकाणचे अ‍ॅडमिन फोन उचलत नाहीत, उद्या त्यांच्या घरी जाणार आहे; राहिलेल्या एकाशी काका बोलताहेत.

काकांशी बसून नियमही बदलतोय: अल्पवयीन मुलाचा चेहरा, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता असेल तर कुणीही एक अ‍ॅडमिन पोस्ट लगेच लपवेल आणि दोघांना कळवेल, बाकी सगळ्याला दोघांची संमती. धंद्याबद्दलची तक्रार पुराव्यासह असेल तर काढायची नाही, पण समोरच्याचं उत्तर त्याच पोस्टखाली ठेवायचं. क्लासवाल्यांना तसं कळवलंय. हा दुसरा नियम तुमच्यापैकी कुणाच्या ग्रुपवर आहे का? शब्दरचना पाठवलीत तर बरं होईल, रविवारच्या आत लावायचाय.