टेराहर्ट्झ मशीनने अल्झायमर बरा होतो का? आईसाठी विचारतेय

कोथरूडची_लेक:
आई ७४ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आता चमचा हातात असतानाच विचारते, साखर घातली का गं मी? परवा शेजारच्या काकू आम्हाला एका हॉलमध्ये डेमोला घेऊन गेल्या, हेअर ड्रायरसारखं मशीन, त्यातून टेराहर्ट्झ लहरी निघतात आणि मेंदूतला कचरा साफ होतो म्हणे, रोज अर्धा तास डोक्यावरून फिरवायचं. बाबा एफडी मोडायला निघालेत. खरंच काही आहे का यात?

पाषाणकर:
ताई, मी फिजिक्सवाला आहे. लहरी खऱ्या आहेत, साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झ, मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या. लॅबच्या डिशमधल्या पेशींवर, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रोटीनवर, उंदरांवर प्रयोग चालू आहेत आणि ते काम महत्त्वाचं आहे, व्हायलाच हवं. पण अडचण पाण्याची आहे. पाणी या लहरी इतक्या शोषतं की त्या कातडीत मिलिमीटरभरसुद्धा जेमतेम शिरतात, आणि कवटीच सहा-सात मिलिमीटर जाड, मेंदू त्याच्याही आत. ताकद वाढवली तर आधी कातडी तापणार. बरं, थोड्या टेराहर्ट्झ लहरी कुठल्याही गरम वस्तूतून निघतातच, पोळीच्या तव्यातूनसुद्धा, म्हणून मशीनवर तसं लिहिलं की उपचार झाला असं होत नाही. एफडी मोडू देऊ नका प्लीज.

सदाशिवपेठी:
आम्ही असंच एक मशीन घेतलं होतं बाबांसाठी. नुसती गरम हवा. चौथ्या दिवशी आंघोळ घालताना कानामागे लाल चट्टा दिसला, भाजतंय हे त्यांना सांगताच आलं नव्हतं. अजून आठवलं की पोटात कालवतं. नंतर त्याच पैशात दिवसाच्या मावशी ठेवल्या, आईला चार तास झोप मिळायला लागली.

डॉक्टर_ताई:
गोळ्या बंद करायला सांगितल्या का त्या मशीनवाल्यांनी? डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरची नेहमीची गोळी, आजार थांबवत नाही, पण काही जणांना थोडा काळ आधार देते, मनाने बंद करू नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना?

कोथरूडची_लेक:
हो, पंधरा दिवसांनी गोळ्या कमी करा म्हणाले होते. करणार नाही. थायरॉइड झालंय, बी-१२ सोमवारी करते. बाबांना तव्याचं सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एफडीची पावती परत कपाटात ठेवली. सदाशिवपेठी, मावशी कुठून मिळाल्या ते मेसेज कराल का?