आयसीयूत स्किनचा डॉक्टर कशाला?

धुळेकर: बाबा 11 दिवस व्हेंटिलेटरवर होते. बिल बघितलं तर त्वचारोगतज्ज्ञांच्या 3 व्हिजिट. माणूस श्वासासाठी झगडतोय आणि हे पाठीवरचं पुरळ बघून लोशन लिहून जातात. ही सरळ लूट आहे.

रानवारा: राहवलं नाही म्हणून लिहितोय. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, साथ होती, मी तेव्हा नागपुरात मेडिसिनचा रेसिडेंट. एक शेतमजूर बाई आल्या. ताप, प्लेटलेट घसरलेल्या, किडनीवर परिणाम. आम्ही डेंगी धरून बसलो. स्किनच्या मॅडमनी गाऊन बाजूला करून काख बघितली, तर तिथे चटका बसल्यासारखी काळी खपली. चिगर, म्हणजे तोच बारीक किडा, चावल्याची खूण! डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचं अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांत ताप उतरला. तोवर आम्ही चौघांनी त्यांना तपासलं होतं. काख कुणीच बघितली नव्हती.

दुसरं. पेशंटला दहा औषधं चालू असताना अंगावर लाल चट्टे आले, तर बंद कुठलं करायचं? सगळ्यांचं बोट काल सुरू केलेल्या अँटिबायोटिककडे जातं. पण कातडी सुटायला लागली, तोंड-डोळे सोलवटले, तर बऱ्याचदा दोषी असते दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलेली फिटची किंवा युरिक ॲसिडची गोळी. अंगावरची 30 टक्क्यांवर कातडी सुटली की त्याला टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, त्यात माणसं दगावतात. चुकीचं औषध थांबवलं तर खरं विष चालूच राहतं. याला लोशन म्हणायचं?

धुळेकर: तुमच्या बाई वेगळ्या, माझे बाबा वेगळे. त्यांना घामोळं होतं असं तिथल्याच ज्युनिअरने सांगितलं. पहिली व्हिजिट मान्य. पुढच्या दोन कशासाठी?

पहाटपाळी: मी 14 वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. आयसीयूत कातडी सगळ्यात जास्त बिघडते ती पडून पडून. माकडहाड, टाचा, मास्कखाली नाकाचं हाड. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. आणि पुस्तकात लिहिलेली लाली सावळ्या अंगावर दिसत नाही हो, हात लावून बघावं लागतं, जागा गरम आहे का, दगडासारखी लागते का. हे स्पेशालिस्टचं काम नाही, आमचं आहे.

सातपुडा: मग करत का नाही? माझ्या मावशीला 9 दिवसांत माकडहाडाशी मूठभर खड्डा पडला. एअर मॅट्रेसचे पैसे रोज लावले, ती फुगलेलीच नव्हती! आम्ही विचारलं तर उद्धट उत्तर मिळालं.

पहाटपाळी: मावशींचं वाईट वाटलं. पण व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक सिस्टर हवी, आणि रात्री तीन व्हेंटिलेटर मी एकटी बघते. 80 किलोचा माणूस, नळ्या सांभाळून, एकटीने कसा वळवू? एकदा येऊन करून दाखवा.

सातपुडा: तो जाब मॅनेजमेंटला विचारा. पैसे आम्ही पूर्ण भरतो.

पहाटपाळी: विचारला. नाइट वाढवून मिळाल्या.

रानवारा: सिस्टर म्हणतात ते खरं आहे. आणि धुळेकर, नुसत्या घामोळ्याला 3 व्हिजिट जास्तच, एवढं कबूल. फोटो पाठवून भागलं असतं. पण तोंडाच्या आतले फोड, जांघ, पाठ यांचा फोटो कुणी पाठवत नाही, तिथे माणूसच यावा लागतो. डिस्चार्ज कार्ड बघा. दुसऱ्या व्हिजिटला काय लिहिलंय?

धुळेकर: आत्ता काढून बघितलं. ड्रग रॅश, म्हणजे औषधामुळे आलेलं पुरळ, आणि त्या दिवशी एक अँटिबायोटिक बंद केलंय. आम्ही चौघं भावंडं आळीपाळीने बाहेरच्या बाकावर बसून होतो. एकानेही येऊन सांगितलं नाही. दुसऱ्या व्हिजिटवरचा आक्षेप सोडला. तिसरीबद्दल माझं मत तेच आहे.