चाळिशीनंतरचा अतिरक्तस्राव: किती काळ वयावर ढकलावा?

नमस्कार. माझे वय ४७ आहे. गेल्या दीड वर्षापासून पाळीचा काही नेम उरलेला नाही. कधी ती बावीस दिवसांत येते, कधी दोन महिने दडी मारते, आणि आली की पहिले तीन दिवस इतके अंगावरून जाते की तासा-दीड तासाला पॅड बदलावे लागते व रात्री गादीवर जाड टॉवेल अंथरूनच झोपावे लागते. गाठीही पडतात. हिमोग्लोबिन १०.४ आले आहे, आणि जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून थांबावे लागते. घरातील थोरल्या बायका म्हणतात, या वयात असे व्हायचेच, एकदा पाळी गेली की सुटशील. रात्री घाम फुटून जाग येत असल्याने मलाही ते पटत आले होते. (संबंध आहे की नाही ठाऊक नाही, पण काही महिन्यांपासून बर्फ चावून खाण्याची विलक्षण ओढ लागली आहे, फ्रीजमधला ट्रे रोज रिकामा होतो.)

हार्मोनच्या रक्ततपासणीवरून पाळी जाणार आहे का, हे कळेल का? लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठतेमुळे तीन आठवड्यांत सोडल्या, त्याला पर्याय काय? माझ्या १३ वर्षांच्या मुलीची पाळी सुरू होऊन वर्ष झाले, तीही अनियमितच आहे. माझ्या ६८ वर्षांच्या आईला गेल्या महिन्यात दोनदा फिकट गुलाबी डाग दिसला, पण काही दुखत नसल्याने ती दवाखान्यात यायला तयार नाही, म्हणून तिचे तूर्त बाजूला ठेवले आहे.

प्रतिसाद:
ताई, आईच्या डागाबद्दल तुम्ही जे जाता जाता लिहिले आहे, तेच सर्वांत आधी हाती घ्या. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर दिसलेला एकही डाग, मग तो कितीही फिकट असो, अंगावर काढायचा नसतो. दहांपैकी साधारण नऊ जणींमध्ये कारण साधे निघते. उरलेल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो आणि तो लवकर सापडला तर उपचार बहुधा यशस्वी होतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात; ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तुकडा तपासायला घेतात.

तुमच्याबाबतीत, ४५ वर्षांनंतर हार्मोनच्या एका अहवालाला फारसा अर्थ नसतो, कारण ही पातळी या काळात सतत वरखाली होते. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असे म्हणतात. इतक्या रक्तस्रावामागे फायब्रॉइड (गर्भाशयातील कर्करोग नसलेल्या गाठी), अस्तराची वाढ किंवा थायरॉइड असू शकते, त्यामुळे तुमचीही सोनोग्राफी आणि गरज भासल्यास अस्तराची तपासणी व्हायला हवी. बर्फाची ओढ हे लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे, तेव्हा फेरिटिनही (रक्तातील या घटकावरून शरीरातील लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या. गोळी दिवसाआड घेतली तर त्रास कमी होतो का, हे डॉक्टरांना विचारा. तिच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी टाळा, आणि हिमोग्लोबिन सुधारले तरी साठा भरून येण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

मुलीची काळजी तूर्त नको. पहिली दोन-तीन वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. स्राव सात दिवसांपेक्षा जास्त टिकला किंवा तीन महिने पाळी आलीच नाही, तर मात्र दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. बर्फाचे वाचून थक्क झाले. आईसाठी उद्याच वेळ घेते, पण आतून करायच्या सोनोग्राफीचे नाव काढताच ती माघार घेईल, हे मला दिसते आहे. ज्यांनी आपल्या आईला किंवा सासूबाईंना या तपासणीसाठी नेले आहे, त्यांनी ती कशी समजावून सांगितली, हे कृपया लिहाल का?