अमेरिकेत ग्रँटच्या पैशातून लागलेला शोध आणि अलॉटमेंटची जमीन: मालक कोण, सही कुणाची?

सायली_एनएम

नमस्कार मंडळी. जाणकारांकडून थोडी मदत हवी आहे.

विहिरीच्या पाण्यातलं युरेनियम जागच्या जागी मोजणारा एक सेन्सर आमच्या गटात तयार होतोय. विद्यापीठ न्यू मेक्सिकोतलं, पगार आणि साहित्य एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ग्रँटमधून (अनुदानातून). चिप मात्र एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत बनवावी लागते आणि आत सोडायच्या आधी ते व्हिजिटर अ‍ॅग्रीमेंटवर सही मागतात. चाचणीसाठी जी विहीर मिळाली आहे ती नवाहो या मूळनिवासी जमातीच्या रिझर्वेशनच्या (राखीव प्रदेशाच्या) पूर्वेला, चेकरबोर्ड भागातल्या एका अलॉटमेंटवर, म्हणजे जमातीतल्या कुटुंबाला वाटून दिलेल्या तुकड्यावर आहे. तिथे राहणाऱ्या आजींनी लेखी होकार दिलाय.

पैसा फेडरल (केंद्र सरकारचा) आहे म्हणजे बे-डोल कायद्याने (सरकारी पैशातून लागलेल्या शोधांच्या हक्कांचा कायदा) शोध आपोआप विद्यापीठाचा होतो, तेव्हा कंपनीच्या कागदावर कुणीही सही केली तरी बिघडत नाही, असं गटात सगळे म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि जमिनीच्या मालकाने हो म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं असतं?

दप्तरदार

सायली, कंपनीच्या कागदावर अजून सही करू नका. तो आधी विद्यापीठाच्या टेक ट्रान्सफर ऑफिसला (पेटंटं आणि परवाने बघणाऱ्या कचेरीला) दाखवा. "आपोआप विद्यापीठाचा" हा समज चुकीचा आहे, आणि तसा स्पष्ट निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2011 साली दिलाय.

स्टॅनफर्ड विरुद्ध रोश हा तो खटला, आणि त्यातली परिस्थिती तुमच्यासारखीच होती. मार्क हॉलॉडनिय हे संशोधक 1988 साली स्टॅनफर्डमध्ये रुजू झाले. तेव्हा त्यांनी सही केलेल्या करारात "शोधाचे हक्क विद्यापीठाला देण्याचं मान्य करतो" असं होतं. पुढे पीसीआर शिकायला ते सीटस या कंपनीत जाऊ लागले. तिथल्या कागदावर "हक्क देईन, आणि याद्वारे देत आहे" असं लिहिलेलं होतं. रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण मोजायची पद्धत त्यातून उभी राहिली, संशोधनाच्या काही भागाला एनआयएचचा पैसा होता, आणि पेटंटं स्टॅनफर्डने घेतली. 1991 साली सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोशने विकत घेतला. स्टॅनफर्डने पेटंटभंगाचा दावा लावल्यावर रोश म्हणाली, आम्हीही मालक आहोत.

रोश जिंकली. पहिला कागद हे भविष्यातलं वचन ठरलं. दुसऱ्या कागदाने मात्र शोध अस्तित्वात येताक्षणीच हक्क हस्तांतरित झाला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या 7 विरुद्ध 2 अशा निकालाचा गाभा इतकाच, की 1790 पासून अमेरिकी पेटंट कायद्यात शोध मुळात शोधकाचा असतो, आणि बे-डोलने हा पाया बदललेला नाही. विद्यापीठाच्या हाती कराराने आलेला हक्क विद्यापीठाकडे राहू द्यायचा की सरकारने घ्यायचा, एवढंच तो कायदा ठरवतो. मुळात हातीच न आलेला हक्क तो मिळवून देत नाही.

या निकालानंतर बहुतेक विद्यापीठांनी करारांची भाषा बदलली. 14 मे 2018 पासून लागू झालेल्या नियमांनुसार तर कारकुनी आणि बिगरतांत्रिक कर्मचारी सोडून बाकी सगळ्यांकडून हक्क सोपवण्याचा लेखी करार घेणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. पण नियम आहे म्हणून तुमच्या फाइलमध्ये तो कागद असेलच असं नाही. ग्रँटवर पगार घेणारे विद्यार्थी, पाहुणे संशोधक, दुसऱ्या विभागातून आलेला पोस्टडॉक यांच्याच सह्या राहून जातात. कंपनीच्या कागदात दोन गोष्टी बघा: हक्क "याद्वारे" सोपवला जातोय का, आणि तो फक्त त्यांच्या यंत्रांसंबंधी आहे की "भेटीतून उद्भवणारं काहीही" इतका सैल आहे. सैल असेल तर "फेडरल ग्रँटखालील शोध वगळून" अशी पुरवणी विद्यापीठाच्या सहीने जोडून घ्या.

आता मुदती. शोधाची माहिती तुम्ही विद्यापीठाला लेखी दिलीत की 2 महिन्यांत विद्यापीठाने ती एनआयएचला कळवायची, आयएडिसन या पोर्टलवरून. त्यापुढे 2 वर्षांच्या आत हक्क ठेवणार की नाही ते सांगायचं, आणि ठेवणार म्हटल्यापासून 1 वर्षात पेटंटचा अर्ज करायचा. मात्र शोध आधीच प्रसिद्ध झाला असेल, तर अमेरिकेतल्या एका वर्षाच्या सवलतीचा काटा फिरायला लागतो आणि ही 2 वर्षं आक्रसतात. मुदत चुकली तर सरकार हक्क मागू शकतं. पूर्वी चूक कळल्यापासून 60 दिवसांत सरकारने मागणी केली नाही तर विषय संपायचा. 2018 च्या नियमांनी ती 60 दिवसांची मर्यादाच काढून टाकली. आणि ही नुसती कागदावरची भीती नाही. कँपबेल प्लास्टिक्स या छोट्या कंपनीने गॅस मास्कच्या कामात शोधाची माहिती ठरलेल्या नमुन्यात न देता तुकड्यातुकड्याने अहवालांत दिली, आणि 2004 साली फेडरल सर्किट कोर्टात (पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट) पेटंटचा हक्क गमावला.

शोधाची कल्पना ग्रँटच्या आधीची असली, पण तो प्रत्यक्षात चालतो हे पहिल्यांदा ग्रँटच्या कामात सिद्ध झालं, तरीही तो बे-डोलखालीच येतो. म्हणजे कंपनीत सुचलेला आणि तुमच्या विहिरीवर पहिल्यांदा चाललेला शोधसुद्धा. म्हणून वहीत तारखा नीट टाका.

विद्यापीठाने हक्क नको म्हटलं तर शोधक स्वतः तो एजन्सीकडे मागू शकतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रॉयल्टीतला वाटा शोधकाला देणं विद्यापीठाला कायद्यानेच भाग आहे. किती टक्के ते विद्यापीठाचं धोरण ठरवतं.

माळरान

जमिनीबद्दल मी लिहितो. इथे गणित नेमकं उलटं आहे. शोधात कायदा कराराच्या मागून येतो. अलॉटमेंटमध्ये कायद्याची मंजुरी नसेल तर पट्टाच (भाडेपट्टा, लीज) ग्राह्य धरला जात नाही, मग आजींची सही कितीही खरी असो.

अलॉटमेंट आली 1887 च्या डॉज कायद्यातून. जमातीची सामाईक जमीन मोडून कुटुंबप्रमुखाला 160 एकर, 18 वर्षांवरच्या अविवाहिताला 80 असे तुकडे पाडले. कायदेशीर मालकी 25 वर्षं अमेरिकेच्या सरकारने विश्वस्त म्हणून ठेवायची, आणि वाटून उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली करायची. 1887 साली जमातींकडे सुमारे 13 कोटी 80 लाख एकर होते, 1934 साली 4 कोटी 80 लाख उरले. 1934 च्या इंडियन रीऑर्गनायझेशन कायद्याने वाटप थांबवलं आणि उरलेल्या तुकड्यांवरचं विश्वस्तपण बेमुदत केलं. त्यामुळे जमीन विकली जायची थांबली, पण वारस वाढत गेले आणि हिस्सा पिढीगणिक कागदावर तुटत राहिला.

हे किती टोकाला जातं ते सुप्रीम कोर्टाच्या 1987 च्या होडेल विरुद्ध आयर्विंग या निकालात नोंदलंय. डकोटातल्या लेक ट्रॅव्हर्स रिझर्वेशनवरचा ट्रॅक्ट 1305: 40 एकर, किंमत 8,000 डॉलर, वर्षाचं उत्पन्न 1,080 डॉलर, मालक 439. त्यातल्या एक तृतीयांश मालकांना वर्षाला 5 सेंटसुद्धा मिळत नव्हते. हिस्से काढायला धरलेला छेद 33,94,92,38,40,000. सगळ्यात लहान वाटेकऱ्याला 177 वर्षांतून एकदा 1 सेंट. आणि हा हिशेब ठेवायचा सरकारी खर्च वर्षाला 17,560 डॉलर, म्हणजे जमिनीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं चढली की सामायिक जमिनीचं काय होतं ते ठाऊक असलेल्यांना हे चित्र लगेच समजेल. असले बारीक हिस्से मृत्यूनंतर बिनमोबदला जमातीकडे वळवायचा प्रयत्न संसदेने 1983 साली केला, तो याच निकालाने घटनाबाह्य ठरवला. सध्याचा नियम 2004 च्या कायद्यातला आहे: मृत्युपत्र नसेल आणि हिस्सा 5 टक्क्यांहून कमी असेल, तर साधारणपणे तो एकाच वारसाकडे जातो, मुलं असतील तर थोरल्याकडे.

म्हणून पहिलं काम: ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स (मूळनिवासी जमातींच्या जमिनी बघणारं सरकारी खातं), म्हणजे बीआयएच्या, लँड टायटल्स अँड रेकॉर्ड्स ऑफिसचा टायटल स्टेटस रिपोर्ट मिळवा. तुम्ही स्वतः मागून तो मिळणं कठीण. मालकाकडून किंवा बीआयएच्या एजन्सी ऑफिसमार्फत मागवा. त्यात सगळे मालक आणि त्यांचे हिस्से असतात. चेकरबोर्ड भागात हे दुप्पट गरजेचं, कारण तिथे अलॉटमेंट, जमातीची ट्रस्ट जमीन, फेडरल सार्वजनिक जमीन, राज्याची जमीन आणि साधी खासगी जमीन एकमेकींना खेटून असतात. विहीर नकाशावर कुठल्या चौकोनात पडते ते जीपीएसने तपासा. कुंपणावर विसंबू नका.

मग ठरवा, तुम्हाला परमिट पुरतं की पट्टा लागतो. अधूनमधून जाऊन पाणी घ्यायचं, जागा अडवायची नाही, मालकाने नको म्हटलं की निघायचं, एवढंच असेल तर ते परमिट. त्याला बीआयएची मंजुरी लागत नाही, पण प्रत त्यांच्याकडे द्यावी लागते, आणि हे खरंतर परमिट नाही असं वाटलं तर ते 10 दिवसांत कळवतात. सोलर पॅनेल, खांब, कुंपण, कुलूपबंद पेटी ठेवून दोन वर्षं जागा धरणार असाल तर मात्र पट्टा लागेल. पट्ट्यासाठी संमतीचं प्रमाण मालकांच्या संख्येवर ठरतं: 5 पर्यंत मालक असतील तर 90 टक्के, 6 ते 10 असतील तर 80, 11 ते 19 असतील तर 60, आणि 20 किंवा जास्त असतील तर निम्म्याहून अधिक. हे टक्के हिश्श्यांचे, डोक्यांचे नाहीत. तिथे राहणाऱ्या आजींचा हिस्सा 4 टक्के असू शकतो आणि अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या भाच्याचा 30. पत्ता न लागणाऱ्या किंवा वारसा अजून न ठरलेल्या मालकांच्या वतीने काही परिस्थितीत बीआयए संमती देऊ शकतं.

कागद पूर्ण झाले की निर्णयाला 60 दिवस. पण "पूर्ण" यात पर्यावरण आणि पुरातत्त्व तपासणीही आली, आणि उशीर तिथेच होतो. खांबासाठी खड्डा खणायचा नसेल असं डिझाइन केलंत तर निम्मा त्रास वाचेल. एक लक्षात ठेवा: स्वतःच्या जमिनीचे पट्टे जमातीने स्वतः मंजूर करायची सोय 2012 च्या हार्थ कायद्याने दिली आणि नवाहो नेशनला ती त्याआधीच, 2000 च्या वेगळ्या कायद्याने मिळाली. पण ती जमातीच्या सामाईक ट्रस्ट जमिनीपुरती. व्यक्तीच्या अलॉटमेंटला लागू नाही, तिथे बीआयएच.

महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, त्याची आठवण होईल. फरक इतकाच, की आपल्याकडे मालक आदिवासीच असतो. तिथे कायदेशीर मालकी अमेरिकेच्या सरकारकडे आणि उपभोगाचा हक्क कुटुंबाकडे.

सायली_एनएम

माळरान, दप्तरदार, फार आभार. दादा, परमिटच्या चौकटीत बसेल असा हलवता येणारा संच करायचा प्रयत्न करते. आणखी एक: जमातीला पेटंटमध्ये वाटा देता येईल का? पाणी त्यांचं, आजारपण त्यांचं.

गणेशखिंड

वाटा देता येतो, पण तो कायद्यातून मिळणार नाही, करारातूनच द्यावा लागेल. नुसतं पाणी किंवा जमीन दिल्याने पेटंट कायद्यात कुणी शोधक होत नाही. जमातीच्या माणसाने सेन्सरच्या कल्पनेतच भर घातली असेल तर तो सहशोधक, आणि त्याचं नाव वगळलं तर पेटंटच धोक्यात येतं. बाकी रॉयल्टीतला हिस्सा, जमातीला मोफत वापराचा परवाना, आकडेवारीवरचा ताबा हे संशोधन करारात चाचणीच्या आधी लिहून घ्या. बे-डोल त्याला आड येत नाही. फक्त सरकारचा मोफत वापराचा परवाना त्यावर कायम असतो.

घरोघरी प्रश्नावली भरून घेणार असाल, तर विद्यापीठाच्या आयआरबीखेरीज (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) नवाहो नेशनच्या ह्यूमन रिसर्च रिव्ह्यू बोर्डाची मंजुरी लागते, आणि निबंध छापण्याआधी तोही त्यांना दाखवावा लागतो. हा कडकपणा योग्यच आहे. अ‍ॅरिझोनात हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून दिलेलं रक्त इतर संशोधनाला वापरलं गेलं. 2010 साली विद्यापीठाला 7 लाख डॉलर द्यावे लागले आणि नमुने परत करावे लागले.

पेटंटच जमातीच्या नावावर करावं, असा सल्ला कुणी दिला तर सावध राहा. 2017 साली अ‍ॅलर्गनने रेस्टासिस या डोळ्यांच्या औषधाची पेटंटं सेंट रेजिस मोहॉक जमातीच्या नावावर केली, सार्वभौमत्वाच्या ढालीमुळे पेटंट ऑफिससमोरच्या फेरतपासणीतून सुटका होईल म्हणून. जमातीला सुरुवातीला 1 कोटी 37.5 लाख डॉलर मिळाले. 2018 साली फेडरल सर्किटने ती ढाल नाकारली. पुढच्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठालाही त्याच कोर्टाने तेच सांगितलं: राज्याच्या विद्यापीठालाही ती सवलत नाही.

जमातीचा वाटा हा उपकार नाही, हेही विद्यापीठाशी बोलताना सांगा. 1862 च्या मॉरिल कायद्याने संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या प्रत्येक सदस्यामागे 30,000 एकर राज्यांना दिले, त्यातून लँड-ग्रँट विद्यापीठं उभी राहिली. ती जमीन जमातींकडून काढलेली होती. न्यूयॉर्क राज्याच्या वाट्याला आलेल्या जमीन-हक्काच्या कागदांवर कॉर्नेल विद्यापीठाने विस्कॉन्सिनमधली ओजिब्वे लोकांची पाइनची जंगलं निवडली. जमातींच्या स्वतःच्या कॉलेजांना लँड-ग्रँट दर्जा मिळायला 1994 उजाडलं. न्यू मेक्सिकोत अशी कॉलेजं आहेत. त्यातल्या एखाद्याला ग्रँटमध्ये उपभागीदार केलंत, तर तिथल्या शोधकांचा हक्क बे-डोलप्रमाणे त्या कॉलेजकडे राहू शकतो. मला हा रस्ता सगळ्यात सरळ वाटतो.

दप्तरदार

गणेशखिंड यांच्या मुद्द्याला एक जोड. रिव्ह्यू बोर्ड किंवा चॅप्टर हाउसच्या (नवाहोंच्या स्थानिक सभेच्या) बैठकीत सेन्सर कसा चालतो ते सांगाल, पत्रकं वाटाल. ती बैठक खुली असेल तर ते प्रसिद्धीकरण धरलं जाऊ शकतं. अमेरिकेत त्यानंतर 1 वर्ष मिळतं. युरोपात एक दिवसही नाही. पण लोकांपासून माहिती लपवायची गरज नाही. बैठकीच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरा, मग मोकळेपणाने सांगा. अर्जात जुजबी वर्णन चालत नाही: चिपवरचे थर, त्यांची जाडी, पाण्याचा पीएच आणि बायकार्बोनेट बदलल्यावर मापन कसं सुधारता, हे सगळं हवं. पुढे 12 महिन्यांत पूर्ण अर्ज, आणि त्याच्या सुरुवातीला ग्रँट क्रमांकासकट "या शोधात सरकारचे काही हक्क आहेत" हे वाक्य. विहिरीवर संच ठेवाल तेव्हा तो आपल्या ताब्यात ठेवा, नोंदवही ठेवा आणि चाचणी आहे असं पेटीवर लिहा, इंग्रजीत आणि नवाहोतही.