वाडा परिवार ग्रुप: धुरा कोनं कोरला?

बाळूकाका (सकाळी 6:12)
[फोटो]
[फोटो]
हे पाहा सगळ्याईनं. काल सांजच्याला ट्रॅक्टर घातला. माह्या अन् बाजूच्या वावराच्या मधात सहा फुटाचा धुरा (बांध) होता, बंडी जात होती त्याच्यावरून. आता दोन फूट राह्यला. मी कोनाचं नाव घेत नाई. ज्याले समजाचं त्याले समजलं.

जावईबापू, अचलपूर (6:15)
[गुलाबाच्या फुलाचा फोटो]
शुभ सकाळ वाडा परिवार. माणसं जपा, नाती जपा.

बाळूकाका (6:16)
जावईबापू, वरचे फोटो पाहा मग गुलाब टाका.

बाळूकाका (6:21)
अन् पाइप बी तोडला. दोन इंची. रोटाव्हेटरनं तुकडे तुकडे. संत्र्याचा आंबिया बहार लिंबाएवढा झाला झाडावर, मे महिना हाय, चार दिवस पानी नाई भेटलं तर खाली सडा पडते. थो हिशेब कोन देनार?

विठूकाका (6:40)
नाव घेऊन बोला बाळूभाऊ. ग्रुपवर चाळीस जन हायत, लपवून काय फायदा. ट्रॅक्टर माह्याच वावरात होता. माह्या वावरात मी वखरीन, नांगरीन, रोटाव्हेटर मारीन, कोनाले इचारू काय?

बाळूकाका (6:42)
धुरा तुह्या वावरात कधीपासून आला?

विठूकाका (6:43)
तुमची संत्र्याची शेवटची वळ धुऱ्यापासून किती फुटावर हाय ते बी टाका फोटो. वीस बाय वीसची लागवड म्हनता, मंग धुऱ्याकडून दहा फूट सोडा लागते. सोडले सहा. फांद्या माह्या इकडं, सावली माह्या तुरीवर. पंधरा वर्सं झाले, बोललो काय मी?

पटवारी आबा (6:58)
विहीर कोनाच्या गटात (सातबाऱ्याच्या नंबरात) हाय ते आधी पाहा.

पिंटू, पुणे (7:05)
नमस्कार सगळ्यांना. काका, भांडण करण्यापेक्षा सरळ मोजणीचा अर्ज करा. हद्द कायम मोजणी, म्हणजे गटाची हद्द मोजून दाखवतात. आता ऑनलाइन होतं. दोन हेक्टरपर्यंत साधी फी 2000 रुपये, घाईची पाहिजे असेल तर 8000. भूकरमापक येऊन रोव्हर यंत्राने मोजतो, दगड दाखवतो, विषय संपला.

बाळूकाका (7:06)
हेच म्हनतो मी. मोजणीच आनतो. दूध का दूध.

विठूकाका (7:07)
आना ना. मी कायले भेतो. 

गोलू (7:11)
पिंटूदादा, पुण्यावरून मोजणी सोपी वाटते. आमच्या बाजूच्याईनं अर्ज केला होता, मोजणीवाले आले तवा तुरी डोक्याएवढ्या. साखळी बी टाकता आली नाई. वापस गेले.

पिंटू, पुणे (7:12)
अरे आता साखळी नसते, सॅटेलाइटवर असतं सगळं.

गोलू (7:12)
मंग सॅटेलाइटले तुरीत पाठवा.

जावईबापू, अचलपूर (7:13)
😂😂😂

पटवारी आबा (7:20)
मी 31 वर्सं पटवारकी केली. मोजणीवाला फक्त हद्द दाखवते. त्याच्या नकाशानं अतिक्रमण निंघत नाई. दुसऱ्यानं सोडलं तर सोडलं, नाईतर दिवानी कोर्ट. अन् कोर्ट म्हंजे बाळूचा नातू तारखेले जाईन. विहिरीचं पाहा म्हनतो मी.

कुंदाआत्या, नागपूर (7:34)
सातबाऱ्यावर माझं आणि सुमनचं बी नाव आहे, हे कोणाला आठवते का? मोजणीसाठी सही मागायला याल तेव्हा सांगा. चहा टाकून ठेवते.

बाळूकाका (7:36)
कुंदे, आता थे काऊन काढलं?

कुंदाआत्या, नागपूर (7:37)
मी काही काढलं नाही. दादा, मागच्या दिवाळीला हक्कसोडचा कागद तूच काढला होता. फराळाच्या ताटाबाजूला.

विठूकाका (7:38)
👏

कुंदाआत्या, नागपूर (7:38)
विठू, तू टाळ्या वाजवू नको. तुझ्या बहिणींना तू काय दिलं ते बी मला माहीत आहे.

सुमनमावशी (7:50)
लोणच्याच्या कैऱ्या कोणाकडं हायत? यंदा धुऱ्यावरच्या आंब्याले लागल्या काय?

गोलू (7:52)
मावशी, आंबा राह्यला, धुरा गेला.

जावईबापू, अचलपूर (7:53)
पाच किलो आमची धरा.

बाळूकाका (8:15)
इषय कैऱ्याचा नाई. गनित पाहा. चार फूट कोरला. वावराची लांबी 600 फूट. 2400 चौरस फूट झाले. एक गुंठा 1089. म्हंजे दोन गुंठ्याच्या वर गेली जमीन. हे काय थोडी हाय?

विठूकाका (8:19)
धुरा सगळा तुमचा होता काय? अर्धा माहा. मंग चारातले तीन फूट माहे, एकच फूट उरलं. एका फुटासाठी चाळीस लोकाईची झोपमोड.

बाळूकाका (8:20)
बारा वर्सं ज्याचा कब्जा त्याची जमीन. कायदाच हाय.

पिंटू, पुणे (8:26)
काका, ते एवढं सोपं नसतं. मालकाविरुद्ध उघडपणे, सलग कब्जा होता हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि भाऊबंदांमध्ये तर आणखी अवघड. सातबाऱ्यावर असं कोणी लिहून देत नाही.

पटवारी आबा (8:31)
पिंटू बरोबर बोलला. अन् बाळू, बाराचा नियम बोलू नोको. थो तुह्यावर बी उलटते. विहीर कोनाच्या गटात हाय?

बाळूकाका (8:32)
आबा, विहीर माह्या वावरात हाय. लहानपनापासून मीच मोटार चालू करतो.

पटवारी आबा (8:33)
वहिवाटीत तुह्याजवळ हाय. गटात कोनाच्या हाय ते इचारलं.

(पाऊन घंटा कोनीच काही टाकलं नाही. मधे फक्त जावईबापूंनी पावसाच्या अंदाजाची क्लिप पाठवली.)

गोलू (9:20)
मोठ्या माईच्या पेटीतून हे भेटलं. 2009 च्या मोजणीची क प्रत, म्हंजे मोजणीचा नकाशा.
[फोटो]
[फोटो]

गोलू (9:21)
कडा उंदरानं खाल्ल्या, पन रेघ दिसते.

पिंटू, पुणे (9:29)
झूम करून पाहिलं. आंब्यापासून हद्दीची रेघ सरळ न जाता पश्चिमेकडे वळते. विहिरीचा गोल रेघेच्या खालच्या बाजूला आहे. म्हणजे विठूकाकांच्या गटात.

गोलू (9:30)
पन आंब्याच्या वरती धुरा रेघेच्या वर सरकलेला हाय. तिथं बाळूकाकाच्या गटाची पट्टी विठूकाका वहीत करते.

सुमनमावशी (9:31)
म्हंजे?

पटवारी आबा (9:44)
म्हंजे मी सकाळी सातपासून जे बोंबलून रायलो थे. मोठेबाबा अन् नानाजी दोघाईनं तोंडी अदलाबदल केली होती. विहीर खालच्यानं (विठूकडच्यानं) वरच्याले (बाळूकडच्याले) देली, बदल्यात वरची पट्टी घेतली. कागद नाई, फक्त आंब्याखाली सुपारी फोडली. मी होतो तिथं. पानी लागलं तवा दोघंही भाऊ विहिरीत उतरून रडत होते, थे बी पायलं. आता मोजणी आनसान तर विहीर विठूकडं जाते, पट्टी बाळूकडं येते. पाहा परवडते काय.

बाळूकाका
🚫 हा मेसेज डिलीट केला आहे.

जावईबापू, अचलपूर (9:47)
काय डिलीट केलं बाळूमामा?

बाळूकाका (9:48)
काई नाई.

विठूकाका (9:51)
मले हे ठाऊक होतं. म्हनूनच बोललो नाई. माह्या बाबानं मरताना सांगतलं होतं, बाळूची विहीर बंद करजो नोको. नाईतर 2015 च्या दुष्काळात एक चाबी फिरवली असती तर तुमच्या 300 झाडाईचं सरपन झालं असतं.

बाळूकाका (9:52)
हे ऐकवाले ठेवलं होतं काय इतके वर्सं?

विठूकाका (9:53)
अन् तुमी सकाळी सहा वाजता ग्रुपवर माही अब्रू काढता थे?

कुंदाआत्या, नागपूर (9:58)
दोघंही थोडं पाणी प्या. त्याच विहिरीचं.

पिंटू, पुणे (10:10)
एक उपाय आहे. सलोखा योजना. एकमेकांच्या नावावरच्या जमिनीचा ताबा बारा वर्षांहून जास्त एकमेकांकडे असेल, तर अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क 1000, नोंदणी फी 1000, एवढंच. एरवी एवढ्या जमिनीचा दस्त केला तर किती पडेल बघा.

पटवारी आबा (10:14)
हाव, 2023 मधे निंघाली. तलाठी अन् मंडळ अधिकारी येऊन पंचनामा करते. पन सगळ्याईची संमती पाह्यजे. एकानं नाई म्हनलं की फाइल बंद. 

कुंदाआत्या, नागपूर (10:15)
सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. चहा टाकूनच ठेवला आहे.

बाळूकाका (10:20)
कुंदे, तुह्या घरी मी येतो. फराळ नाई आनत, कागद बी नाई आनत.

गोलू (10:22)
पाइपचं काय करू? झाडं सुकून रायले. आज 45 डिग्री हाय.

विठूकाका (10:25)
गोलू, माह्या शेडमधे दोन इंचीचे पाच तुकडे पडले हायत. जोडाचे कपलर बी हायत. घेऊन जा. बाळूभाऊले इचारू नोको, मोटार चालू करजो.

बाळूकाका (10:27)
पैसे सांग.

विठूकाका (10:27)
धुऱ्याचे सांगतले होते तुमी, 2400 चौरस फूट. वळते करून घ्या.

जावईबापू, अचलपूर (10:28)
😂😂

मोठी माई (व्हॉइस मेसेज, 1 मिनिट 40 सेकंद) (11:05)

गोलू (11:09)
माई म्हनते, धुऱ्यावर वाघाटीचा वेल होता, त्याची भाजी एकादशी सोडाले लागते, थो बी ट्रॅक्टरनं गेला काय? बाकी तिले काही ऐकाचं नाई.

विठूकाका (11:12)
वेल शाबूत हाय माई. आंब्याजवळ ट्रॅक्टर नेलाच नाई.

पटवारी आबा (11:15)
उद्या सकाळी सातले दोघंही विहिरीवर या. मी येतो. सोबत गोलू. चुना अन् चार दगड आना. क प्रत पाहून जुनी वहिवाट जिथं होती तिथं दगड रोवू, मंग जो कागद कराचा थो करू. बाळू, मोजणीचे पैसे भरले काय?

बाळूकाका (11:16)
नाई. अजून चलान काढलं नाई.

पटवारी आबा (11:16)
मंग काढू नोको.

बाळूकाका (11:20)
सात वाजता ठीक. टेप कोन आनते?

विठूकाका (11:21)
माह्याजवळ हाय. शंभर फुटाचा.

बाळूकाका (11:22)
पिवळा?

विठूकाका (11:22)
हाव.

बाळूकाका (11:23)
थो माहाच हाय. 2019 मधे गोठा मोजाले नेला होता.