जर्मनीला निघालात? कुकर राहू द्या, आधी भाषा भरा

लकडीपूल (धागाकर्ती)

नारायण पेठेत घरीच जर्मनचे वर्ग घेते, बरीच वर्षं. पूर्वी कॉलेजची मुलं यायची, मॅक्सम्युलर भवनाच्या परीक्षेची तयारी करायला. अलीकडे निम्मा वर्ग वेगळाच असतो. नवरा हिंजवडीतून नाहीतर चाकणमधून तिकडे गेलेला, बायको मागून निघालेली. येते तेव्हा व्हिसा झालेला असतो, तिकीट महिन्यावर आलेलं असतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, जुजबी शिकवा. बाकी तिकडे गेल्यावर येईलच की."

येत नाही. माझं म्हणणं मांडते, मग काय झोडायचं ते झोडा. यात त्या बायकांचा आळस नाही, नियमच असा आहे. एरवी जोडीदाराला बोलावून घ्यायचं तर सहसा जर्मनच्या ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा परवाना) असेल तर ती अट नाही. सवलत म्हणून छानच. पण होतं काय, नवरा ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलतो आणि त्या देशातली सगळी जर्मन हिच्या वाट्याला येते. बालवाडीतली बाई, मुलांचा डॉक्टर, कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून जिन्यात अडवणारी खालची आजी, पार्सल कुठल्या शेजाऱ्याकडे ठेवलंय ते सांगणारी पोस्टमनची चिठ्ठी. ज्याचं भाषेवाचून फारसं अडत नाही तो थोडंफार शिकून जातो, आणि जिला पदोपदी लागणार ती कोरी जाते.

बाकी तयारी मात्र दणक्यात. तुळशीबागेत फेऱ्या, कुकर, त्याची जास्तीची रिंग आणि शिट्टी, सोऱ्या, मेतकूट, गोडा मसाला. (तिकडे इंडक्शनची शेगडी निघाली तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, हे कुणी सांगत नाही. साजूक तूपही न्यायचं नसतं, दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यावर युरोपात बंदी आहे. तिथल्या दुकानात बुटरश्माल्त्स नावानं तूप मिळतं, पण त्यासाठी डब्यावरचं वाचता यायला हवं.)

तेव्हा सल्ला असा. निघण्याआधी चार महिने रोज तासभर बसा. आणि पोचल्यावर पहिलं वर्ष मराठी मंडळापासून चार हात लांब राहा. गणपतीला जा, आरती म्हणा, मोदक खा, घरी या. रोजच्या अडीनडीला मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप नको. तिथे उत्तर दोन मिनिटांत मिळतं, म्हणूनच नको.

नेकारकाठ

ताई, पूर्वार्ध शंभर टक्के मान्य. उत्तरार्ध वाचून रागच आला. मंडळापासून लांब राहा हे नारायण पेठेत बसून सांगणं सोपं आहे. इथे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. नवरा सातला येतो. मधले अडीच तास तुमची ती व्याकरणाची वही कुशीत घेऊन बसायचं का?

मी स्टुटगार्टजवळ राहते. पहिलं बाळंतपण इथेच झालं. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. पण ती आपली आपण शोधायची, आणि दिवस राहिल्या राहिल्या शोधायला लागायचं, नाहीतर सगळ्यांच्या तारखा भरलेल्या. हे मला कुणी सांगितलं? मंडळातल्या एका मावशींनी. फोनही त्यांनीच लावले.

तर बाळ आलं, आई कर्वेनगरहून आली. तिनं खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, हीटर वाढवला, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून कानटोपी घातली. सुईणबाई आल्या. बाळाच्या मानेमागे दोन बोटं घालून पाहिली, काही न बोलता कानटोपी काढून पलंगावर ठेवली आणि जाऊन खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फ. आई मला म्हणाली, "हिला सांग, बाळंतिणीच्या खोलीत वारा घेत नाहीत." मला जर्मनमध्ये ते सांगता येईना, आणि आईला सुईणीचं म्हणणं सांगायला ते आधी मला कळायला हवं. दोघी माझ्याकडे बघतायत. मी रडायला लागले.

मावशी डिंकाचे लाडू घेऊन संध्याकाळी आल्या. त्यांनी आईला समजावलं की इथली घरं इतकी हवाबंद असतात की दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं खिडक्या पूर्ण उघडल्या नाहीत तर भिंतींना बुरशी धरते, भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलेलं असतं. झोपलेल्या बाळाला घरात टोपी घालत नाहीत कारण अंग जास्त तापणं धोक्याचं. आणि दुसऱ्या दिवशी सुईणीला त्यांनीच सांगितलं की आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात, तो राहू दे. बाई म्हणाल्या, राहू दे की, पाठीला बरंच आहे. आईचा चेहरा असा फुलला! तुमचं कुठलं पुस्तक शिकवतं हे?

कोडगा

दोन्ही टोकं. बर्लिनमध्ये माझं जर्मनवाचून काडीचं अडलेलं नाही. ऑफिस इंग्रजी, मित्र इंग्रजी, कागद आला की मोबाईलचा कॅमेरा धरायचा. ब्लू कार्डवाल्याला ए-वनवर 27 महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळतो. दोन पायऱ्या वरचं बी-वन केलं तर 21. सहा महिने लवकर मिळावा म्हणून कोण मरमर करणार? तेवढ्या वेळात माणूस पगारवाढीचं काहीतरी शिकेल.

लकडीपूल

@कोडगा, कॅमेऱ्याचं कौतुक सगळेच सांगतात. दंडाचा सरकारी आदेश तिकडे पिवळ्या पाकिटात येतो. पोस्टमन पाकिटावर तारीख लिहितो आणि पेटीत टाकून जातो. हरकत घ्यायची तर त्या तारखेपासून दोन आठवडे. पेटी तुम्ही कधी उघडली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पिवळं पाकीट म्हणजे आजच उघडायचं, हे कॅमेरा सांगत नाही, माणूस सांगतं.

आणि रात्री पोराला ताप चढला, दवाखाना बंद, तर 116117 ला फोन करतात. फोनवरच्या आवाजापुढे कॅमेरा कुठे धरणार?

शिवाय तुमचं अडत नाही म्हणालात. घरी कुणी आहे का, आणि तिचंही अडत नाही का?

कोडगा

बायको आहे, मजेत आहे. पुष्कळ मैत्रिणी आहेत. सगळ्या भारतीय आहेत हे खरं, पण त्यात गुन्हा काय?

पौडरोड_पेन्शनर

आम्ही उभयता उन्हाळ्यात 90 दिवसांच्या व्हिसावर चिरंजीवांकडे जातो. भाषेचं मला ठाऊक नाही, मी हसून वेळ मारून नेतो. मला रविवार सहन होत नाही. सगळं बंद. शनिवारी दूध आणायचं राहिलं की रविवारी कोरा चहा, नाहीतर स्टेशनपर्यंत पायपीट. चिरंजीव म्हणतात, बाबा, हे 1919 च्या वायमार घटनेत लिहिलंय आणि आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय, रविवार विश्रांतीचा. अहो, पुण्यात एक ते चार दुकान बंद ठेवलं तर जग हसतं. हे अख्खा दिवस ठेवतात तर ती संस्कृती!

रात्री दहानंतर तर सूनबाई मिक्सरला हात लावू देत नाहीत. खालची बाई वर येते म्हणे.

लातूरची_सिस्टर

नमस्कार. मी नर्स आहे, पुण्यात हॉस्टेलला राहून जर्मनची बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची पातळी करतेय. 2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या घरातही जर्मनीचं नाव निघायला लागलं. वरचं सगळं वाचून एवढंच वाटलं की शिकू की नको हा प्रश्न पडायलाही नशीब लागतं. आम्हाला परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी-टू लागतंच. कॅमेरा धरून सलाईन लावता येत नाही.

पण लकडीपूल मॅडम, तुमचंही पूर्ण पटलं नाही. माझी सीनियर तिकडे वृद्धाश्रमात आहे. परीक्षेत तिला चांगले मार्क होते. पहिल्याच दिवशी एक आजोबा तिच्याशी बोलायला लागले आणि तिला एक शब्द कळेना. सगळे आपसात तिथल्या श्वेबिश बोलीत बोलतात. आम्ही पुस्तकात "इश हाबे" घोकलं, ते म्हणतात "इ हान". म्हणजे पुण्यातलं मराठी शिकून एखाद्याला आमच्या औशाला नेऊन सोडावं तसं. ती म्हणते, पहिले सहा महिने मी वॉर्डात मुकी होते. रात्री खोलीवर येऊन आईला फोन लावून तासभर नुसती बडबडायची, विषय कुठलाही. त्या तासाला पण बंदी घालणार का मॅडम?

सातारारोड

मी तिकडे नोकरी करून परत आलेला माणूस. कोंढव्यात फ्लॅट आहे, तो परदेशी विद्यार्थ्यांना देतो. येमेनी, इराणी, सुदानी, सगळे राहून गेलेत. परदेशी भाडेकरू आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, ते माझं काम. बाकी सगळं त्यांचे आधी आलेले देशबांधव बघतात. सिमकार्ड कुठलं, रिक्षावाल्याला काय म्हणायचं, कुठल्या दुकानात पाव कसा मिळतो. तो गोतावळा नसता तर निम्मी पोरं पहिल्या पावसाळ्यातच घरी गेली असती. आणि गोतावळा असूनही मराठी शिकलीच. पहिलं वाक्य प्रत्येकाचं तेच: "काका, पाणी कधी येणार?" टँकरवाल्याशी भांडता येईपर्यंत मजल जाते. गरजेपुढे ग्रुप आड येत नाही, लकडीपूलताई.

आता खरी खाज. आमच्या बाणेरच्या नातेवाइकांकडे दर दिवाळीला हीच रड असते की सोसायटीत दहा-दहा वर्षं राहून लोक मराठीचा शब्द बोलत नाहीत, मीटिंगा हिंदीत होतात. बरोबर आहे, मलाही ते खटकतं. पण त्याच घरात फराळाच्या ताटावर कौतुक चालतं की आमच्या बंड्याचं बर्लिनमध्ये जर्मनवाचून काही अडत नाही. @कोडगा, तुम्ही बंड्या नव्हे ना?

कोडगा

बंड्या नाही. पण बाणेरचा आहे, खोटं कशाला बोलू.

तरी तुलना चुकतेय. बर्लिननं मला इंग्रजीत मुलाखत घेऊन नेलं. कंपनीलाच जर्मन नको होतं.

नेकारकाठ

कंपनीला नको होतं, गल्लीला हवंय ना. माझ्या लेकीच्या बालवाडीत पहिले काही दिवस आईनं वर्गातच बसायचं असतं, मूल रुळेपर्यंत. मी कोपऱ्यात त्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, तीन जर्मन आया शेजारी. त्या दिवसांत ज्या ओळखी होतात त्या वाढदिवसापर्यंत टिकतात. मी जेमतेम दोन वाक्यं बोलत होते, पण बोलत होते. लेकीला पहिलं निमंत्रण त्यातूनच आलं. हे मी ताईंच्या बाजूनं सांगतेय, लक्षात घ्या. माझं भांडण फक्त मंडळावरच्या बंदीशी आहे.

लकडीपूल

@लातूरची_सिस्टर, तुझ्या सीनियरच्या तासाला कोण बंदी घालणार गं! ती दिवसभर जर्मनमध्ये राबून मग मराठी बोलते. मी बोलतेय त्या बायकांचं उलट असतं, चोवीस तास मराठी आणि कधीतरी बेकरीत बोट दाखवून दोन ब्रेड. आणि श्वेबिशचं खरं आहे, ते वर्गात शिकवता येत नाही. पण ज्याला मूळ भाषा येते तो महिन्याभरात कान लावतो, कोऱ्याला दोन्ही सारखेच अगम्य.

@सातारारोड, तुमच्या पोरांना टँकरवाला आहे. कोडग्यांच्या बायकोला नाही. तिच्या घरी पाणी चोवीस तास येतं.

@नेकारकाठ, मावशी मिळाल्या हे तुमचं भाग्य. पण एक विचारा त्यांना. सुईणीशी घडाघडा बोलण्याइतकी जर्मन त्या कुठे शिकल्या? त्या गेल्या तेव्हा मंडळ होतं का?

नेकारकाठ

विचारलं. नव्हतं. एक मराठी कुटुंब होतं, तेही दोन गावं सोडून. मावशी म्हणाल्या, शिकले कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतंच, शेजारीण मला हाताला धरून दुकानात न्यायची. पुढे म्हणाल्या, पण ती पहिली दोन वर्षं मला कुणी परत दिली तर नको. म्हणूनच तर नवी मुलगी आली की मी पहिल्या आठवड्यात डबा घेऊन जाते.

आता यातलं कुठलं अर्धं तुम्ही तुमच्या बाजूनं धरणार?

लकडीपूल

दोन्ही अर्धी धरते. बरं, वर्षाची अट सोडली. पण ग्रुपवर "कुणीतरी माझ्यासाठी फोन करा" असं आलं की मावशींनी फोन करण्याऐवजी शेजारी बसावं आणि तिला करायला लावावा, एवढं तरी त्यांच्या कानावर घाला. आणि चार महिन्यांच्या वर्गावरून मी तसूभर हलणार नाही.

कोडगा

तुमच्या वर्गाची ऑनलाइन बॅच असते का? फी किती? बायकोसाठी विचारतोय.

लकडीपूल

असते. तिलाच विचारू दे.