मदत हवी आहे: फटाक्यांना घाबरणारी कुत्री

नमस्कार मंडळी. आमची चिंगी देशी कुत्री आहे, रस्त्यावरून घरी आणलेली. एरवी एकदम धीट, पण फटाका वाजला की थरथरते, लाळ गळते आणि बाथरूममध्ये बादलीमागे अंग चोरून बसते. चिकनचा तुकडा नाकाशी धरला तरी ढुंकून बघत नाही. गेल्या दिवाळीत तर रात्रभर शू दाबून धरली होती. बघवत नाही हो.

यंदा आधीपासून तयारी करतोय. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि त्याच वेळी उकडलेलं चिकन भरवायचं. आता ती कान टवकारते आणि परत खायला लागते. पण आवाज जरा वाढवला की थेट बादली गाठते. शिवाय सुतळी बॉम्बचा हादरा मोबाईलमधून कुठून येणार? मोठा स्पीकर लावू का? आवाज वाढवायची योग्य वेळ कशी ओळखता?

ॲसेप्रोमॅझिन हे गुंगी आणणारं औषध नको आहे, कारण त्याने शरीर सुस्त होतं पण भीती तशीच राहते. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोनसारखं भीती कमी करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने कुणी दिलंय का? आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघितलं होतं का?

घाबरली की जवळ घेऊ नका, सवय लागते, असं शेजारचे काका सांगतात. मला हे अजिबात पटत नाही; कुशीत घेतल्याने भीती वाढत नसते.

आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुम्ही शेवटचं फिरवून कधी आणता?